कंपनीच्या माथ्यावर करकर

बिजागरी ही वस्तूच अशी, की चांगली असेल तर तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही, आणि लक्ष गेलं की समजावं, काहीतरी बिघडलं. मसुदेबुवांचंही कंपनीत तसंच होतं. एकोणतीस वर्षं ते बिजागऱ्यांच्या त्या कारखान्यात पत्रव्यवहार सांभाळत होते, आणि एकोणतीस वर्षं त्यांच्याकडे कुणाचं लक्ष गेलं नव्हतं. खिडकीजवळचं टेबल, टेबलावर हिरवा कापडी पुठ्ठा, डावीकडे आलेली पत्रं, उजवीकडे जाणारी पत्रं आणि मधे मसुदेबुवा.

खरं नाव काहीतरी वेगळं होतं, पण ते पगाराच्या कागदाखेरीज कुठं वापरात नव्हतं. 'मसुदेबुवा' हे नाव पडलं, कारण साध्या रजेच्या अर्जाचाही ते आधी मसुदा करायचे. मसुदा चांगला जमला, तर रजा राहिली बाजूला, त्याचा आणखी एक मसुदा करायचे. लग्नाआधी बायकोला लिहिलेल्या पत्राच्या कोपऱ्यातसुद्धा 'मसुदा तिसरा' असं लिहिलेलं चुकून राहून गेलं होतं. ते वाचूनही तिनं होकार दिला, यावरून त्या बाईंच्या सहनशक्तीची कल्पना यावी.

तर अशा या माणसावर एका गुरुवारी सकाळी संकट कोसळलं. संकट मालकांच्या धाकट्या भावाच्या रूपात आलं. सगळे त्यांना धाकटे मालक म्हणत. ते नुकतेच कसलंसं शिबिर करून आले होते आणि शिबिर करून आलेल्या माणसाला पहिले दहा-बारा दिवस आवरणं फार कठीण असतं.

"पत्रांचा जमाना गेला, दादा," धाकटे मालक मालकांना सांगत होते, मसुदेबुवांच्या टेबलाला टेकून, जणू ते टेबल रिकामंच आहे. "आता माणसं आधी कंपनीचं पेज बघतात. नोकरीधंद्यातल्या लोकांची ती साइट आहे ना, तिथं आपलं पेज आहे, पण ओसाड. सोमवारी दवाखानेवाले येणार आहेत. ते काय बघतील? हे काम आपण बाहेरच्या एजन्सीला देऊ. बुवांना गोदामात पाठवू. तिथं स्क्रू मोजायला माणूस हवाच आहे."

दवाखानेवाल्यांचं प्रकरण मोठं होतं. गावोगाव दवाखाने असलेली एक संस्था आपल्या सगळ्या इमारतींची दारं नवी करणार होती आणि त्यांची अट एकच होती. दाराचा आवाज होता कामा नये. रुग्णाला मोठ्या मुश्किलीनं झोप लागावी आणि परिचारिकेनं दार ढकललं की तो दचकून उठावा, हे त्यांना नको होतं. ती ऑर्डर मिळाली तर कारखान्याला पुढची कित्येक वर्षं मान वर करायला फुरसत मिळणार नव्हती.

मालक जुन्या वळणाचे आणि मनाचे मऊ. ते म्हणाले, "एक संधी देऊ या. काय हो बुवा, जमेल का तुम्हाला पेजचं?"

मसुदेबुवांनी आयुष्यात पेजचा 'प'ही पाहिला नव्हता. पण नजरेसमोर गोदाम उभं राहिलं. खिडकी नसलेलं, ग्रीसच्या वासाचं. "न जमायला काय झालं साहेब?" ते म्हणाले, आणि आपणच बोललो की दुसरं कुणी, हे पाहायला त्यांनी मागं वळूनही पाहिलं.

काम ऐकायला सोपं होतं. त्या पेजच्या माथ्यावर कंपनीच्या निवडक पोस्ट ठळकपणे मांडून ठेवायची सोय असते. येणारा माणूस आधी तेच बघतो. दुकानाच्या दर्शनी काचेत आपण चांगला माल मांडतो, तसं. माथ्यावर तीन ठळक पोस्ट लावायच्या होत्या. सोमवारपर्यंत पेज नजरेत भरलं, तर टेबल, खिडकी आणि पेज बुवांचं. नाहीतर सोमवारी संध्याकाळी गोदाम.

आता तीन पोस्ट निवडायच्या म्हणजे तीन माणसांना खूश करून उरलेल्या साठ जणांना दुखवायचं. पहिली जागा मालकांच्या पारितोषिकाच्या फोटोला गेली. त्या फोटोत मालकांचे डोळे मिटलेले होते आणि पारितोषिक देणाऱ्या पाहुण्यांचं तोंड उघडं होतं, पण मालकांना तो आवडायचा. "त्यात मी शांत दिसतो," असं त्यांचं म्हणणं. दुसरी जागा विक्रीप्रमुखांनी बळकावली. त्यांनी कुठल्याशा परिषदेत 'बिजागरी आणि उद्याचं जग' या विषयावर भाषण ठोकलं होतं. ऐकायला किती माणसं होती, हे फोटोत दिसू नये म्हणून तो अगदी जवळून काढला होता.

तिसऱ्या जागेवर मात्र अस्सल माल यायचा होता. कंपनीच्या बिजागरीवर यंत्रानं दार लाखो वेळा उघडझाप करून पाहिलं आणि तिनं हूं की चूं केलं नाही, असं चाचणी विभागाचं प्रमाणपत्र होतं. ते मागायला गेल्यावर कळलं, की प्रमाणपत्र फ्रेम करायला दिलं आहे, आणि फ्रेमवाला सोमवारी सकाळी उघडतो.

"फ्रेम कशाला?" बुवांनी विचारलं.

"भिंतीवर लावायला."

"आणि मला काय द्याल?"

"भिंतीवर लावल्यावर या की बघायला."

इथं एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं सारं वेडेपणाचं वाटेल. या कंपनीत मालकांच्या वडिलांनी घालून दिलेली एक पद्धत होती. कोणताही नवा कागद असो, आधी त्याचा नमुना करायचा. नमुन्यात मजकूर कोणताही चालतो, फक्त जागेवर नीट बसतोय ना, ओळी वाकड्या नाहीत ना, एवढं पाहायचं. त्यावर तांबड्या शाईचा 'नमुना' असा शिक्का मारायचा आणि तो सगळ्या खात्यांत सहीसाठी फिरवायचा. सगळ्यांच्या सह्या झाल्या की खरा मजकूर घालायचा. आणि मग जावक खात्यानं 'रवाना' असा शिक्का मारला, की कागद कंपनीबाहेर जायचा. त्या शिक्क्याशिवाय गेली पन्नास वर्षं कागदाचा कपटासुद्धा फाटकाबाहेर गेला नव्हता.

साहजिकच मसुदेबुवांनी पेजचाही नमुना करायचं ठरवलं. दोन पोस्ट होत्या, तिसऱ्या जागेपुरता काहीतरी मजकूर हवा होता. काय लिहावं? समोर संगणकाचा पडदा लुकलुकत होता. धाकटे मालक येता-जाता डोकावत होते. आणि बुवांच्या मनात गेली तीन वर्षं साचलेलं एक दुःख होतं. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा, मसुदा न करता, ते भडाभडा लिहून काढलं.

"आमच्या स्वयंपाकघरातल्या कपाटाचं दार करकरतं. बिजागरी आमच्याच कंपनीची आहे. पहिली कित्येक वर्षं ती गप्प होती, मग एकाएकी तिला वाचा फुटली. हलक्या हातानं उघडा, जोरानं उघडा, बोट लावून उघडा, ती ओरडतेच, आणि अशी ओरडते की सारं घर गोळा होतं. माणसाला स्वतःच्या घरात चोर झाल्यासारखं वाटावं, याहून मोठं दुःख नाही. मी याच कंपनीचा माणूस. तक्रार करायची तर कुणाकडे? तक्रारीची पत्रं माझ्याकडेच येतात."

लिहून झाल्यावर त्यांना फार हलकं वाटलं. मग त्यांनी ती पोस्ट तिसऱ्या जागी चढवली, पडद्याची छपाई काढली, छापील कागदावर तांबडा शिक्का ठोकला आणि कागद फिरवला. पडद्यावर शिक्का मारता येत नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं होतं, पण पडद्याला तरी कुठं जावक खातं होतं? 'रवाना' झाल्याशिवाय वस्तू बाहेर जाईलच कशी, असा त्यांचा सरळ हिशेब.

सह्या पटापट झाल्या. विक्रीप्रमुखांनी आपलं भाषण दुसऱ्या जागी आहे ना, तेवढं पाहिलं. चाचणीवाल्यांनी विक्रीप्रमुखांची सही आहे म्हणून केली. धाकट्या मालकांनी कानाला फोन लावून केली. मालकांनी आपला फोटो डोळे भरून पाहिला आणि खाली लिहिलं, 'उत्तम. असंच ठेवावं.' करकरणारं दार कुणीच वाचलं नाही. नमुना वाचायचा नसतो, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं.

शनिवारी सुटी. मसुदेबुवा इतके खुशीत होते, की त्यांनी बायकोला बाजारातून पिशव्या उचलून आणू दिल्या नाहीत. रविवारी सकाळी मात्र शेजारचे मॅनेजरसाहेब दारात उभे राहिले. हे गृहस्थ बँकेतून निवृत्त झाले होते, पण बँक त्यांच्यातून निवृत्त झाली नव्हती. जिन्यात भेटलेल्या माणसालाही ते 'काय काम आहे?' असंच विचारायचे.

"बुवा!" मॅनेजरसाहेबांनी त्यांचे दोन्ही हात धरले. "काय लिहिलंत हो! 'स्वतःच्या घरात चोर झाल्यासारखं.' हिला वाचून दाखवलं, तिच्याही डोळ्यांत पाणी आलं."

"काय वाचून दाखवलंत?"

"तुमच्या कंपनीच्या पेजवरचं. अगदी माथ्यावर आहे. माझ्या जावयानं पाठवलं. त्याला त्याच्या साहेबांनी पाठवलं."

मसुदेबुवा खुर्चीत बसले. खुर्ची थोडी डावीकडे होती, पण ते बसले ते बसलेच. जमिनीवरून त्यांनी फोन हातात घेतला आणि पाहिलं. माथ्यावर तीन ठळक पोस्ट. मालकांच्या फोटोला अकरा लाइक. त्यांतले नऊ घरचे. भाषणाला एक, तो स्वतः विक्रीप्रमुखांचा. आणि करकरणाऱ्या दाराखाली माणसांची जत्रा भरली होती.

जगात इतक्या लोकांची दारं करकरतात, हे बुवांना ठाऊक नव्हतं. आणि प्रत्येकाकडे उपाय होता. कुणी म्हणे खोबरेल घाला, कुणी म्हणे खोबरेल चुकूनही घालू नका, मेणबत्ती घासा. एका प्राध्यापकांनी शिसपेन्सिलीची पूड सुचवली होती आणि दुसऱ्या प्राध्यापकांनी त्यांचं म्हणणं सहा परिच्छेदांत खोडून काढलं होतं. कुणीतरी लिहिलं होतं, 'आमच्या कंपनीत असं खरं बोलायची कुणाची छाती आहे?' आणि अगदी वर, दवाखान्यांच्या खरेदीप्रमुख बाईंची कमेंट होती. 'सोमवारी आम्ही येतोच आहोत. आधी हे दार पाहायला आवडेल.'

पोस्ट काढावी, तर पेज उघडण्याचा सांकेतिक आकडा मालकांच्या फोनवर जायचा, आणि मालक रक्तदाबासाठी रविवारी फोन बंद ठेवायचे. साइटच्या मदतकेंद्राला लिहिलं, तर तिथून तत्परतेनं उत्तर आलं, की आपण खरोखर बिजागरी कंपनी आहात याचा पुरावा जोडा. बुवांनी आपलं ओळखपत्र जोडलं. उत्तर आलं, की हा पुरावा माणसाचा आहे, कंपनीचा नाही. बुवांनी कळकळीनं दोन पानी पत्र लिहिलं, ते दोनदा सुधारलं आणि पाठवलं. उत्तर आलं, की आपल्या प्रश्नाचं निराकरण झालं असून आमची सेवा कशी वाटली, ते कळवा.

शेवटी त्यांनी धाकट्या मालकांना फोन लावला.

"मीच फोन करणार होतो," धाकटे मालक थंडपणे म्हणाले. "आता काढू नका. काढलीत तर लपवल्यासारखं दिसेल. बाईंना मी होकार कळवलाय. उद्या सकाळी आम्ही सगळे तुमच्या घरी येतोय. आणि बुवा, गोदामाच्या किल्ल्या मी काढून ठेवल्यात."

मसुदेबुवांनी फोन ठेवला. त्यांना रडू येत होतं, आणि ते यावं याचाही राग येत होता. एकोणतीस वर्षं दुसऱ्यांच्या तक्रारींना 'आपल्या पत्राबद्दल आभारी आहोत' असं लिहिणाऱ्या माणसानं एकच तक्रार स्वतःची केली, आणि ती अशी भोवावी!

मग ते बाह्या सरसावून उठले. उद्यापर्यंत दार गप्प करायचंच. खोबरेल घातलं, दार करकरलं. मेणबत्ती घासली, दार आणखी मोकळ्या गळ्यानं करकरलं. शिसपेन्सिलीची पूड घातली, तेव्हा बुवा नाकापर्यंत काळे झाले आणि दारानं एक नवाच सूर लावला. मॅनेजरसाहेब बाजूला उभे राहून "खालच्या बाजूनं घाला, वरच्या बाजूनं घाला" असं मार्गदर्शन करत होते. दहा मिनिटांनी तेही थकून चहा मागू लागले.

आश्चर्य म्हणजे बायको अगदी शांत होती. एरवी ओट्यावर पाण्याचा थेंब पडला तरी तिला दिसायचा, आज सगळ्या ओट्यावर तेल सांडलं होतं तरी ती पालेभाजी निवडत बसली होती. "राहू द्या हो," ती म्हणाली. "करकरतं तर करकरू दे. घराला सोबत असते."

"अगं, माझी नोकरी जाईल!"

"नोकरी जाईल?" तिचा हात थांबला. ती काहीतरी बोलणार होती, पण मॅनेजरसाहेबांकडे पाहून गप्प बसली.

बुवा सुताराकडे धावले. सुतार दोन गल्ल्या पलीकडे राहायचा आणि एरवी बोलायला लागला की थांबायचा नाही. पण कपाटाचं नाव काढताच तो एकाएकी रंधा पुसायला लागला. "ते कपाट होय?" तो म्हणाला. "त्याचं वहिनींना विचारा. वहिनींनी सांगितल्याशिवाय मी त्या दाराला हात लावणार नाही. शब्द दिलाय." बुवांनी मनात म्हटलं, दिवस फिरले की सुतारसुद्धा ओळख देत नाही, आणि ते खाली मान घालून परतले.

सोमवार उजाडला. ठरल्या वेळी मालक, धाकटे मालक आणि खरेदीप्रमुख बाई अशी मंडळी आली. मागोमाग मॅनेजरसाहेब आले, कारण त्यांच्या मते अशा प्रसंगी एक तटस्थ माणूस हवा. एवढी माणसं त्या स्वयंपाकघरात मावणं शक्यच नव्हतं, म्हणून मॅनेजरसाहेब दारात अर्धे आत, अर्धे बाहेर असे तटस्थ उभे राहिले.

बाई पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर ढकललेला. त्यांनी कुणाशी फार बोलणं केलं नाही. त्या सरळ कपाटापाशी गेल्या आणि दार उघडलं.

दारानं घराण्याची लाज ठेवली नाही. ते इतक्या मनापासून करकरलं, की मालकांनी डोळे मिटले. आज ते शांत वगैरे दिसत नव्हते.

"हं," बाई म्हणाल्या. त्यांनी दार लावलं, पुन्हा उघडलं. "हे दवाखान्यात लावलं तर बेशुद्ध माणूस उठून बसेल."

धाकटे मालक बुवांच्या कानाशी येऊन पुटपुटले, "एजन्सीवाले तीन वाजता येतायत. टेबल मोकळं करा."

मसुदेबुवांनी एकदा खिडकीबाहेर पाहून घेतलं. गोदामाला खिडकी नव्हती, हे त्यांना आठवलं.

"जरा थांबा," बाई म्हणाल्या. त्यांनी कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला. "वरची बिजागरी गप्प आहे. आवाज फक्त खालचीचा येतोय. मला ती काढून बघायची आहे. एखादा सुतार मिळेल का?"

"आहे ना!" असं म्हणून मॅनेजरसाहेब तटस्थता सोडून पळत गेले आणि सुताराला घेऊन आले. सुतारानं आत येताच बुवांकडे नाही, मालकांकडे नाही, सरळ बायकोकडे पाहिलं. तिनं मोठा श्वास घेतला आणि मान हलवली. "काढ," ती म्हणाली. "आता काय लपवायचं?"

बिजागरीवर कपाटाच्याच रंगाचा जाड थर होता. सुतारानं तो खरवडला, स्क्रू काढले आणि बिजागरी बाईंच्या हातावर ठेवली. बाईंनी ती उजेडात धरली आणि मालकांच्या हातावर ठेवली. मालकांनी ती पाहिली, उलटून पाहिली, आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला.

"अहो, ही आपली नाहीच! हा शिक्का दुसऱ्या कंपनीचा आहे! आपली वरची. ती बघा, गप्प आहे!" मग तोच चेहरा हळूहळू मावळला आणि ते मसुदेबुवांकडे वळले. आवाजात राग नव्हता, दुःख होतं, ते जास्त वाईट. "बुवा, एकोणतीस वर्षं आपलं मीठ खाऊन... तुमच्या घरात दुसऱ्याची बिजागरी?"

लबाडी करताना पकडलेल्या माणसाला निदान आपण काय लबाडी केली ते ठाऊक असतं. इथं तेही नव्हतं.

"त्यांना काही बोलू नका साहेब," बायको पदर खोचून पुढं झाली. "त्यांना यातलं काही माहीत नाही. ती मी बसवून घेतलीय."

"तुम्ही? का वहिनी? आमच्या मालात काही खोट?"

"खोट कसली? तुमच्या मालाचा आवाजच होत नव्हता, तीच तर खोट!" तिला आता थांबवणं शक्य नव्हतं. "यांना तीन वर्षांपूर्वी साखर निघाली. डॉक्टरांनी गोड बंद केलं. मी आपली पाहुण्यांसाठी क्रीमची बिस्किटं या कपाटात ठेवते. मी आंघोळीला गेले, की हे कपाट उघडणार आणि डबा हलका करणार. विचारलं की म्हणणार, मुंग्यांनी खाल्ली. अख्खी बिस्किटं, साहेब, मुंग्यांनी! न्हाणीघरातून कान देऊन ऐकावं, तर तुमची बिजागरी मेली हूं की चूं करत नाही. मग मी या सुतारभाऊंना म्हटलं, काहीही करा, पण दार वाजलं पाहिजे."

"मी काय कमी केलं?" आता सुतारालाही शब्दातून मोकळीक मिळाली होती. "मिठाचं पाणी ओतलं. वाळू घातली. हातोडीनं थोडी वाकवली. दोन महिने झटलो वहिनींसाठी. पण ती काही बोलायला तयार नाही! हात टेकले आणि बाजारातून ही दुसरी आणली. ही पहिल्या दिवसापासून गाते."

सगळ्यांच्या नजरा मसुदेबुवांवर होत्या. बुवांची नजर फरशीवर होती. तीन वर्षं हळुवार हातानं, बोटानं, श्वास रोखून उघडलेलं ते दार आणि तो आवाज! म्हणजे हा साराच कट होता. आणि तो कट त्यांनी स्वतः, सहीशिक्क्यानिशी, कंपनीच्या माथ्यावर नेऊन लावला होता.

पहिल्या हसल्या त्या बाई. इतक्या हसल्या, की त्यांना ओट्याला धरावं लागलं. मग मालक हसले, आणि दारातून मॅनेजरसाहेबांचा अर्धा भाग हसला. "जुनी बिजागरी आहे का हो?" बाईंनी डोळे पुसत विचारलं.

जुनी बिजागरी बटणांच्या डब्यात जपून ठेवलेली होती. सुतारानं ती बसवली. वाळू खाल्लेली, मीठ प्यायलेली, हातोडीचा मार सोसलेली ती बिजागरी. बाईंनी दार उघडलं. लावलं. कान लावून पुन्हा उघडलं. घड्याळाची टिकटिक तेवढी ऐकू येत होती.

"प्रमाणपत्रं माझ्याकडे ढीगभर येतात," त्या मालकांना म्हणाल्या. "यंत्राला काय, सांगाल तितक्या वेळा दार उघडतं. पण जिला आवाज हवा होता तिलासुद्धा तो काढता आला नाही, असं अजून कुणी दाखवलं नव्हतं. कागदपत्रं पाठवून द्या. आणि पेजच्या माथ्यावर हेच लिहा. आत्ता ताईंनी सांगितलं तसंच."

धाकटे मालक लगबगीनं पुढं आले. "लिहू ना, एजन्सीकडून छान लिहून घेऊ. 'एका समाधानी ग्राहकाच्या कुटुंबात...' बिस्किटांचं वगैरे काढून."

मसुदेबुवांनी मान वर केली. आता त्यांच्यापुढं दोन वाटा होत्या. बिस्किटं काढली तर अब्रू वाचत होती, आणि पोस्ट मरत होती. ठेवली तर साऱ्या व्यापारी जगात, गिऱ्हाइकांपासून प्राध्यापकांपर्यंत, ते बिस्किटचोर म्हणून जाहीर होणार होते. एकोणतीस वर्षांत त्यांनी पुष्कळ पत्रं लिहिली होती आणि पत्रातलं कुठलं वाक्य जिवंत आहे, एवढं त्यांना कळत होतं.

"बिस्किटं काढली तर काही उरणार नाही," ते म्हणाले. "मुंग्यासुद्धा राहतील. तू सांग गं, मी लिहितो."

ओट्याजवळच्या छोट्या टेबलावर बसून त्यांनी बायकोच्या शब्दांत, बायकोच्या नावानं, पहिल्या फटक्यात लिहून काढलं. खाडाखोड नाही, मसुदा नाही. लिहिता लिहिता त्यांना हसू फुटत होतं. आपलं काम आपल्याला येतं, याचा असा निर्मळ आनंद त्यांना कितीतरी वर्षांत झाला नव्हता. मालकांनी अथपासून इतिपर्यंत वाचलं, आयुष्यात पहिल्यांदाच. मग आपला डोळे मिटलेला फोटो त्यांनी स्वतःहून खाली सरकवायला सांगितला.

"रवाना!" मालक म्हणाले. शिक्का कुणाजवळच नव्हता, म्हणून ते जरा मोठ्यानं म्हणाले.

संध्याकाळपर्यंत त्या पोस्टखाली इतकी माणसं जमली, की धाकट्या मालकांनी एजन्सीला कळवून टाकलं, आमच्याकडे माणूस आहे. गोदामाच्या किल्ल्या गोदामवाल्याला परत गेल्या. मसुदेबुवांच्या टेबलावर कुणीतरी मुंगीचं चित्र ठेवून गेलं होतं. ते त्यांनी हिरव्या पुठ्ठ्यावर नीट लावून ठेवलं.

आवरून निघताना सुतारानं बायकोला विचारलं होतं, "वहिनी, ती गाणारी परत बसवू का?"

"नको," ती म्हणाली होती. "आता हीच राहू दे. आता सगळ्या जगाचा डोळा आहे त्यांच्यावर."

दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीघरात पाण्याचा आवाज सुरू झाला. मसुदेबुवा थोडा वेळ वर्तमानपत्र धरून बसले. मग उठले, अनवाणी चालत स्वयंपाकघरात गेले आणि त्यांनी कपाटाचं दार उघडलं. काही म्हणजे काही आवाज आला नाही. आपल्या कंपनीच्या मालाबद्दल त्यांचं मन अभिमानानं भरून आलं. त्यांनी डबा उचलला, झाकण अलगद काढलं, दोन बोटं आत घातली.

"अहो," न्हाणीघरातून आवाज आला, "एकच हं!"

मसुदेबुवांनी एकच घेतलं.